तिसऱ्या झेंड्यापाशी

१

गोळी डोक्यावरून जाते तेव्हा आधी ‘टाच्’ असा आवाज होतो, वाळका बांबू चिरल्यासारखा. मग जराशाने, लांबून, कोणी गादी झोडपावी तसा बंदुकीचा ‘धब्ब’ येतो. आधी गोळी, मागून बंदूक. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी खड्ड्यात उकिडवा बसलो होतो, आणि मला वाटलं कोणीतरी माझ्या कानाशी टाळी वाजवली. मी वळून बघितलं. मागे भिंत होती.

गिरणीतली नोकरी सुटल्यावर मला नेमबाजीच्या रेंजवर काम मिळालं होतं. निशाणांच्या खाली खोल खड्डा असतो. गोळी लागली की निशाण दोरीने खाली ओढायचं, भोकावर खळीने कागदाची चकती चिकटवायची आणि पुन्हा वर ढकलायचं. एका दोरीला मी, दुसरीला दत्ताराम. निवृत्त होईपर्यंत हेच केलं.

खड्ड्यात वारा येत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण परळच्या चाळीत गॅलरीत बसून बोलायला काय जातं? मी सांगायचो की लांबच्या नेमबाजीत बंदूक दुय्यम, खरी हवा. आणि हवा वाचावी तर आम्हीच. ऐकणारे माना डोलवायचे. माझी नात मनवा तर माझ्या मांडीवर बसून ऐकायची.

पुढे तीच मनवा नेमबाज झाली. बंद हॉलमध्ये, पंख्याखाली, दहा मीटरवर. तिचे बिल्ले आमच्या टीव्हीच्या कपाटावर टांगलेले आहेत. यंदा क्लबने तिला मोठी बंदूक दिली आणि तीनशे मीटरवर उतरवलं. अट एकच होती. राज्याच्या संघात निवड झाली तर बंदूक तिच्याकडे राहील, नाही तर दुसऱ्याला जाईल. आमच्या घरात तशी बंदूक कोणी सात जन्मात घेऊ शकलं नसतं.

“आबा, नेम माझा बरोबर असतो रे,” ती एका संध्याकाळी म्हणाली. “हवाच कळत नाही. तू शिकव ना.”

सून अपेक्षा दारात तांदूळ निवडत होती. ती हसून म्हणाली, “बघा, शेवटी घरातलंच माणूस लागलं.”

तिच्यासमोर नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं.

२

रेंज शहराच्या टोकाला आहे, समुद्राला लागून. माझी जुनी रेंज तीच, फक्त आता मी दुसऱ्या टोकाला उभा होतो. इतकी वर्षं जिथून ‘धब्ब’ यायचा तिथे. आमचा खड्डा इथून नखाएवढा दिसत होता.

मधल्या गवतात तीन झेंडे होते. एक जवळ, एक मध्ये, तिसरा निशाणांच्या अलीकडे. मनवा सतरंजीवर पोटावर आडवी झाली. तिच्या डावीकडे, जरा मागे, मला स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात तिपाईवरची दुर्बीण ठेवली. या प्रकारात हवा सांगायला एक माणूस मागे बसलेला चालतो.

तिचे शिक्षक उन्मेष सर वयाने लहान, पण माणूस नीट. त्यांनी मला समजावलं, “काका, दुर्बीण थोडी अलीकडे जुळवायची. निशाण धूसर झालं तरी चालेल. मग उन्हाची लहर दिसते. पातेल्यातून वाफ निघते ना, तशी. ती जिकडे वाहते तिकडे हवा चाललीय.”

मी मान हलवली. लहर मला दिसली. सगळं गवत, झेंड्यांच्या काठ्या, निशाणं, पाण्याखाली असल्यासारखी डुलत होती. पण ती कुठे वाहते ते मला कळेना. मी झेंड्याकडे बघून सांगितलं, “डावीकडून.”

मनवाने तसा हिशेब केला आणि गोळी झाडली.

“आबा, डावीकडून म्हणालास ना?”

“म्हणालो.”

“मग गोळी डावीकडेच का गेली? उजवीकडून होती हवा.”

“समुद्राची हवा आहे. फसवते,” मी म्हटलं.

तिला ते पटलं. दिवसभर मी चुकीचं सांगत गेलो आणि दिवसभर तिला पटत गेलं. परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मला माझ्या तोंडाची लाज वाटत होती.

३

पुढच्या रविवारी मी दुर्बिणीला डोळा लावला आणि तिसऱ्या झेंड्यापाशी माणूस उभा दिसला.

“थांब!” मी ओरडलो. “माणूस आहे! माणूस!”

शिट्टी झाली. सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या, लाल झेंडा वर गेला. उन्मेष सर धावत आले. “कुठे काका?”

“तिथे. तिसऱ्या झेंड्याला लागून.”

त्यांनी स्वतःच्या दुर्बिणीतून बघितलं. मग माझ्या. मग नुसत्या डोळ्यांनी. “कोणी नाहीये.”

मी परत डोळा लावला. तो होता. किडकिडीत, अंगात पांढुरका लांब सदरा, पाठ आमच्याकडे. मी डोळा काढला तेव्हा मोकळं गवत दिसलं. लावला तेव्हा तो.

“काका, मोतीबिंदूचं झालंय ना तुमचं? उन्हात होतं असं,” सर हळू म्हणाले. “लिंबूपाणी घ्या. सावलीत बसा.”

मागून कोणीतरी बोललं, “सर, काकांना पगार सुरू करा. भुतं मोजायचा.”

लोक हसले. मनवा हसली नाही. तिने मान खाली घातली आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

बसमध्ये ती म्हणाली, “आबा, असं नको ना करूस. चार लोकांत. तुला बरं वाटत नसेल तर नुसतं मला सांग, मी थांबेन.”

“हो गं बाळा.”

त्या रात्री मी स्वतःला समजावलं. डोळ्यात भिंग बसवलेलं आहे, भिंगात काहीही दिसतं. काचेवर डाग असेल. पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. त्या लहरीत झेंड्याची काठी सापासारखी वळवळत होती. गवत उकळत होतं. मागचा मातीचा बांधसुद्धा हलत होता. तो माणूस मात्र हलत नव्हता. फक्त त्याचा सदरा हलत होता.

४

त्यानंतरच्या रविवारी तो होताच.

मी तोंड उघडलं, आणि मिटलं. कोणी हसू नये एवढंच माझ्या मनात आलं. मनवाने विचारलं, “काय आबा? हवा?”

झेंडे तिन्ही पडून होते. पण त्याच्या सदऱ्याचा घोळ डावीकडे फडफडत होता, दोरीवरचा कपडा फडफडतो तसा. मी काय करतोय ते मलाच कळलं नाही. मी म्हटलं, “उजवीकडून. चांगली आहे.”

“झेंडे तर मेलेत रे.”

“माझं ऐक.”

तिने ऐकलं. गोळी निशाणाच्या मधोमध गेली. पुढची पण. सदरा खाली आला की मी म्हणायचो, “थांबली. आता मार.” सदरा फुगला की म्हणायचो, “वाढली.” शेजारच्या मोठमोठ्या नेमबाजांच्या गोळ्या भरकटत होत्या आणि आमच्या मनवाच्या एकावर एक बसत होत्या.

उन्मेष सर येऊन मागे उभे राहिले. “काका, कसं काय बुवा?”

“सवय,” मी म्हटलं.

“आबा, तू भारी आहेस!” मनवा पालथीच ओरडली. “सर, सांगत नव्हते मी?”

मी हसलो. पण मी खरं काय बघत होतो ते लिहितो. तो उभा होता तिच्याच निशाणाच्या रेषेत. प्रत्येक गोळी त्याच्या पाठीतून जायला हवी होती. आणि मी एकदाही तिला थांब म्हटलं नाही. तो भास आहे याची मला खात्री नव्हती. खात्री असती तर मी त्याचा सदरा बघून हवा सांगितली असती का? माणूस समोर उभा असताना मी माझ्या नातीला ‘मार’ म्हणत होतो, लोकांनी मला हसू नये म्हणून.

५

निवडीच्या आधीच्या रविवारी तो नव्हता.

मी झेंडे बघितले, लहर बघितली, जे सुचलं ते सांगितलं. मनवाच्या गोळ्या कडेकडेला जाऊ लागल्या. तिने एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काळजीने. माझ्यावर तिचा एवढा विश्वास होता की तिला वाटलं, मला बरं नाही.

“आबा, छातीत दुखतंय का?”

“नाही गं.”

घरी तिने जेवण अर्धं टाकलं. अपेक्षा म्हणाली, “एवढं काय? नाही झाली निवड तर नाही.” मनवा ताटातल्या भाताकडे बघत म्हणाली, “मग मी काय करू, आई? मला दुसरं काय येतं?”

मी गावचा माणूस. आमच्याकडे प्रत्येक जाग्याला राखणदार असतो. तो पांढऱ्या कपड्यांत दिसतो म्हणतात, आणि चांगल्या माणसाचं वाईट करत नाही. रात्रभर विचार करून मी हेच मनाशी धरलं. दुसऱ्या दिवशी लालबागच्या बाजारातून नारळ घेतला आणि एकटाच बसने रेंजवर गेलो. रेंज बंद होती. फाटकाजवळ कुंपणाच्या बाहेर एक दगड होता. त्याच्यासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि माझा बाप घालायचा तसं गाऱ्हाणं घातलं.

“रे म्हाराजा, हयच्या जाग्याच्या राखणदारा! मी गरीब माणूस, माझा काय चुकला-माकला असात तर पदरात घे. माझ्या नातीक वाऱ्याची वाट दाखव. लांब रवू नको. तिच्या बाजूक येवन उभो रव.”

गाऱ्हाण्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला मागे माणसं लागतात. माझ्यामागे कोणी नव्हतं. तरी मी थोडा वेळ थांबलो.

कुंपणापलीकडे तिसऱ्या झेंड्याचं कापड दोनदा फडफडलं. बाकीचे दोन पडूनच होते.

६

दत्ताराम आता थकलाय. परळला मोठ्या इस्पितळात रक्त तपासायला येतो आणि मग बाहेर बाकावर चहा पितो. मी त्याला गाठलं.

“काय शाम्या, नात काय म्हणते?”

“बरी आहे. दत्ता, एक विचारू? आपण होतो तेव्हा रेंजवर राखणदार वगैरे काही ऐकलं होतंस?”

तो चहा सांडेपर्यंत हसला. “मला विचारतोस? आम्ही बाबासाहेबांची माणसं. आमच्याकडे असलं खातं बंद.”

“तसं नाही रे. नुसतं विचारतो.”

“आणि राखणदार येईल कुठून? ती काय तुझ्या गावची राई आहे? तिथे समुद्र होता. माझा बाप त्या भरावावर पाट्या टाकायला होता. कुठली कुठली माती आणून ओतली, कोणाला ठाऊक. गाव नाही, शेत नाही, कोणाचं घर नाही. राखायला होतं काय तिथे?”

मी हातातला कप बाकावर ठेवला.

“काय झालं रे? तोंड का असं?”

“काही नाही.”

“नारळबिरळ देऊन आलास की काय?” दत्ताराम म्हणाला आणि परत हसायला लागला. मी पण हसलो.

राखणदार नव्हता, तर मी बाजूला येऊन उभा राहायला कोणाला सांगितलं होतं?

७

निवडीच्या दिवशी ऊन कडक होतं. मनवाने सकाळी माझ्या पायाला हात लावला. “आबा, आज तू सांगशील तेच. मी झेंड्याकडे बघणारच नाही.”

मी दुर्बिणीला डोळा लावला. तो होता. पण तिसऱ्या झेंड्यापाशी नाही. दुसऱ्यापाशी होता.

पाठ आमच्याकडेच.

मी सदरा वाचला. मनवाने गोळी झाडली. मधोमध. मी डोळा पुसला आणि परत लावला. तो दुसऱ्या झेंड्याच्या अलीकडे होता. चालताना दिसत नव्हता. मी पापणी मिटायचो, आणि उघडली की अंतर कमी झालेलं असायचं. पाठ तशीच. म्हणजे तो उलटा येत होता.

“हवा, आबा?”

“डावीकडून. हलकी.”

मधोमध.

आता सदऱ्याची शिवण दिसायला लागली. मानेवरचे केस ओले होते आणि मानेला चिकटले होते. मला ओरडायचं होतं. ‘मनवा, ऊठ’ एवढेच शब्द. तिने आधीच सांगून ठेवलं होतं ना, नुसतं मला सांग, मी थांबेन म्हणून? ती थांबली असती. पण मागे उन्मेष सर होते, बाकीचे होते, निवड करणारे खुर्च्यांवर बसलेले होते. ती थांबली असती तर बंदूक गेली असती. आणि त्यांनी विचारलं असतं, काय झालं काका? मी काय सांगितलं असतं?

गोळ्या होत गेल्या. पहिल्या झेंड्याच्या अलीकडे आल्यावर तो दुर्बिणीत मावेना. नुसती पाठ. मग नुसतं कापड. मग एक राखाडी धूसरपणा, जशी कोणी काचेवर तळहाताची सावली धरावी. त्यातून मला ना लहर दिसे, ना झेंडा, ना निशाण.

“आबा, शेवटची. हवा?”

मी दुर्बीण पुढेमागे जुळवून बघितली.

“आबा, वेळ संपतोय. सांग ना रे!”

मी दुर्बिणीवरून डोळा काढला. समोर रेंज रिकामी होती. ऊन होतं, गवत होतं. झेंडे तिन्ही पडलेले. पण कापडाचा फडफडाट मला अगदी जवळ ऐकू आला, हाताच्या अंतरावर. मी खाली बघितलं.

मनवा सतरंजीच्या डाव्या अंगाला पडली होती. उजवी बाजू मोकळी होती. तिथे सतरंजी दबलेली होती, खांद्यापासून पायापर्यंत, आणि दबलेल्या जागी ओल चढत होती.

मनवाने मान थोडी उजवीकडे कलती केली, ऐकताना माणूस कान देतो तशी. मी डावीकडे होतो. ऐकताना माणूस कान देतो तशी.

मी अजून काही बोललो नव्हतो. तिने मान हलवली, जसं उत्तर मिळालं, आणि गोळी झाडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. उन्मेष सरांनी मला मिठी मारली. “काका, तुमच्यामुळे!” म्हणाले. मी त्यांना नाही म्हणालो नाही.

८

चाळीत पेढे वाटले. गॅलरीत लोक मला म्हणाले, शामराव, पोरीला घडवलंत. मी हात जोडत होतो. मनवा सगळ्यांच्या पाया पडत होती, फोटो काढून घेत होती. तिची मोठी बंदूक आता तिचीच होती.

त्या दिवसापासून तिने मला हवा विचारली नाही. सरावाला ती एकटी जाते आणि तिच्या गोळ्या बरोबर जातात. अपेक्षा म्हणते, पोरगी तयार झाली. पण जेवायला बसताना मनवा पाट भिंतीकडे सरकवते. झोपताना अंथरुणाच्या कडेला अंग चोरून पडते आणि अर्धी सतरंजी मोकळी ठेवते. सकाळी ती सतरंजी अपेक्षा उन्हात टाकते आणि म्हणते, या खोलीत ओल कुठून येते कोण जाणे.

काल संध्याकाळी मी गॅलरीत बसलो होतो. मनवा सरावाची पिशवी घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. लहानपणी बसायची तशी. ती वाळली आहे. तिच्या मानेवरचे केस ओले होते, पण तिने अंघोळ केली नव्हती.

“आबा.”

“काय गं बाळा?”

“तू कोणाला काही सांगितलं होतंस का? माझ्यासाठी?”

“कोणाला सांगणार मी?”

“मी रागावणार नाही. शप्पथ. तू माझ्याच भल्याचं केलं असशील.” ती अगदी हळू बोलत होती, शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये तशी. “फक्त काय शब्द वापरलेस ते सांग. म्हणजे परत पाठवताना काय म्हणायचं ते तरी कळेल.”

गाऱ्हाणं माझ्या ओठांवर होतं. शब्द न् शब्द. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की तिच्या आबाला हवा कधीच कळली नव्हती. पहिल्या दिवसापासून नाही. तिच्या बिल्ल्यांच्या कपाटावर आता माझा पण एक फोटो आहे, दुर्बिणीला डोळा लावलेला.

“उन्हात होतं असं,” मी म्हटलं. “लिंबूपाणी घे. सावलीत बस जरा.”

तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग ती उठली. पिशवी खांद्याला लावली. गॅलरी मोकळी होती, कठड्यावर कपडेसुद्धा नव्हते. तरी ती भिंतीला खांदा घासत चालू लागली, कठड्याच्या बाजूने एका माणसाची जागा सोडून. जिन्यापाशी ती थांबली, कोणाला तरी आधी उतरू द्यावं तशी. मग खाली गेली.